बाहीचं माप

तारमास्तर जेवणाआधी प्रार्थना करायचे तीसुद्धा तारेसारखी. सगळी नोकरी तारघरात कट्ट-कड-कट्ट करण्यात गेलेली, त्यामुळे एक शब्द जास्तीचा वापरला तरी त्यांना उधळपट्टी वाटे. डोळे मिटून, बोटांवर शब्द मोजत ते म्हणत, "जेवण मिळालं. आभार. पाहुणी आली. दुप्पट आभार. मुलगी सुखरूप ठेव. आमेन." संपलं. चर्चमध्ये पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की मास्तर बाकावर चुळबुळ करत आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, त्यांना कोपरानं ढोसत.

प्रार्थनेतली ती पाहुणी म्हणजे चष्मेवाली, आणि मुलगी म्हणजे चष्मेवालीची मुलगी. ती मुलगी आता या जगात नव्हती. पण हे त्या टेबलाशी एकट्या चष्मेवालीला ठाऊक होतं, आणि चार वर्षं झाली तरी सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मास्तरांच्या नव्या चष्म्याची एक काच सैल बसली होती आणि तिच्यातून जिन्याच्या पायऱ्या धड दिसत नव्हत्या, म्हणून मालकानं तिला रविवारी, ऐन सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या घरी धाडलं. दोन मिनिटांचं काम, एक स्क्रू पिळायचा. तो पिळून ती निघाली तर काकूंनी ताट मांडून ठेवलेलं. ती नको नको म्हणाली, तेव्हा काकूंनी तिच्या हातात सुरी दिली. पाहुणचार कुणाचा करायचाय, म्हणाल्या, तू बटाटे सोल. आणि बटाटे सोलता सोलता त्यांनी मुलाबाळांची चौकशी केली. चष्मेवाली म्हणाली, "एक मुलगी आहे. माझ्या आईकडे असते."

मुलीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तीन वर्षांची पोर, ताप डोक्यात गेला. तीन वर्षं तोंडाला 'आहे' म्हणायची सवय, 'होती' म्हणायला जीभ वळेना. आणि तिला भीतीही होती. ज्यांना ज्यांना कळलं होतं त्या सगळ्यांनी तिला शहाणपण शिकवलं होतं. देवाला कळ्याच आवडतात, असं एक बाई दफनाच्या दिवशी म्हणाली. दुसरीनं तर वय काय तुझं, दुसरं होईल, असंही सांगून टाकलं. ती तिथून उठली ती पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. नवरा परगावी कामाला गेला आणि तिकडचाच झाला. माणसंही कमाल असतात. रिकामी जागा दिसली की तिच्यात काहीतरी कोंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

या घरात कुणी काही कोंबलं नाही. ती दर रविवारी जेवायला येऊ लागली. चर्चला का येत नाहीस, हे काकूंनी एकदाही विचारलं नाही. त्या नेहमी एका माणसाचं जास्त रांधत, आणि ते जेवायला कुणीतरी उगवायचंच. कधी टपालवाला, कधी खालच्या मजल्यावरचा रंगारी, तोही प्यायलेला, चपला हातात घेऊन. सगळ्यांना तेच ताट, त्याच खुर्च्या. एकदा चष्मेवालीनं न राहवून विचारलं, की तुम्हाला याचा कंटाळा कसा येत नाही?

"मोठी कामं आम्हाला जमली नाहीत गं," काकू म्हणाल्या. "प्रभूनं दार उघडायचं काम दिलंय. तेवढं करते."

चष्मेवाली हसली. पण पुढच्या रविवारी बेल वाजली तेव्हा ती स्वतःच दार उघडायला उठली.

पहिल्या हिवाळ्यात काकूंनी मुलीसाठी स्वेटर विणायला घेतला आणि माप मागितलं. तिथेच सांगायला हवं होतं. तिनं शेजारणीच्या मुलीचं माप आणून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुलीचं, दोन बोटं वाढलेलं. असे तीन स्वेटर तिच्या कपाटात घडीवर घडी पडून होते, एकाहून एक मोठा. बाहेर नाही वाढलं ते मूल कपाटात वाढत होतं.

चौथ्या वर्षी काकूंच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, यातच सगळं आलं. काकू अंथरुणात बसून चौथा स्वेटर विणत होत्या. एक बाही झाली होती, दुसरी अर्धी. या खेपेला त्यांनी माप घ्यायचं नाकारलं. "कागदावरचं माप नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तिला घेऊन ये. हातावर लावून बघते आणि मग बाही संपवते. एकदा बघू दे मला तिला."

तो आठवडा चष्मेवालीनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. खरं सांगितलं तर हे टेबल जाणार, दुसरं टेबल तिला नव्हतं. आणि नाही सांगितलं तर एका मरणाऱ्या बाईला शेवटचं फसवायचं. शनिवारी तिनं शेजारणीकडे तिची मुलगी एका दिवसासाठी मागितलीसुद्धा, इतकी ती खाली उतरली. तालीम म्हणून पोरीची वेणी घालायला बसली आणि पेड घट्ट घट्ट आवळत गेली.

"मावशी, ओढतंय," पोर म्हणाली.

तिनं वेणी सोडली आणि पोरीला घरी पाठवलं.

रविवारी ती एकटीच गेली. काकूंनी तिच्या मागे दाराकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"काकू, मला मुलगी होती."

काकूंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या हातातल्या सुया थांबल्या.

"मग मी चार वर्षं कुणासाठी विणत होते?"

आता जा म्हणतील, असं ती धरून चालली. काकूंनी अर्ध्या बाहीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "पहिला स्वेटर तिला झाला असता का?"

"झाला असता," चष्मेवाली म्हणाली. "थोडा सैल झाला असता."

आणि काकू रडल्या. चार वर्षांत चष्मेवालीला शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटले, पण तिच्या मुलीसाठी तिच्यासमोर रडलेलं पहिलं माणूस ते. तीही रडली, दफनाच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती तशी.

"त्यानं का नेलं ते मला ठाऊक नाही," काकू शेवटी म्हणाल्या. "ठाऊक आहे म्हणणार नाही. आता मी जातेच आहे, तर भेटल्यावर पहिलं तेच विचारीन. तोवर इथलं दार तू बघ. मास्तरांना बेल ऐकू येत नाही."

काकू मास्तरांना सगळं सांगून गुरुवारी गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून तो स्वेटर, अर्धी बाही सुयांवर असलेला, त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवला. चष्मेवाली चार वर्षांनी चर्चची पायरी चढली आणि पहिल्या बाकावर मास्तरांशेजारी बसली, त्यांना कोपरानं ढोसायला आता कुणी नव्हतं म्हणून.

रविवारी तिनं बटाटे सोलले आणि एका माणसाचं जास्त रांधलं. मास्तर टेबलाशी बसले. डोळे मिटून म्हणाले, "जेवण मिळालं. आभार." आणि थांबले. पुढचा शब्द येईना. शब्द मोजणारा हात तसाच टेबलावर उघडा राहिला.

इतक्या रविवारांत चष्मेवाली त्या टेबलावर आमेनसुद्धा म्हणाली नव्हती. आज तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू निघाल्यात. मुलीची बाही मापून घेऊ दे. इथलं दार मी बघते."

मास्तरांना नीट ऐकू आलं नाही. काय पाठवलंस, त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं. त्यांनी एकेका बोटावर शब्द मोजले, एकही काढला नाही, आणि टेबलावर दोनदा टिचकी मारली.

"गेली तार," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

तेवढ्यात बेल वाजली. ती उठली.