अकारविल्हे आणि तारीखवार

दिगंबरराव बँकेत होते म्हटलं की लोकांना वाटायचं, कॅशियर असतील नाहीतर मॅनेजर. तसलं काही नव्हतं. ते राजभाषा अधिकारी होते. सरकारी बँकेत लिफ्टशेजारी एक फळा असतो. त्यावर रोज सकाळी 'आज का शब्द' म्हणून एक इंग्रजी शब्द, त्याचा हिंदी प्रतिशब्द आणि खाली वाक्यात उपयोग लिहिलेला असतो. तो फळा लिहिणारा माणूस म्हणजे दिगंबरराव. फळा कोणी वाचत नाही. लिफ्टची वाट बघताना लोक त्याला पाठ टेकतात आणि शर्टाला खडू लागला म्हणून करवादतात. पण या बाबाने तो आधी अकोल्याला, मग भोपाळला आणि शेवटची चौदा वर्षं कलकत्त्याला, असा एकतीस वर्षं इमानेइतबारे लिहिला.

निवृत्तीनंतर ते सॉल्ट लेकमध्येच राहिले. हॉल आणि दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि मुलगा सारंग सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत कामाला होता. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी फोनवर ऐकून घ्यायची, हे त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी दिगंबररावांच्या बायकोने, शकुनने, जगाचा निरोप घेतला आणि बापलेकांत बोलायला काही उरलं नाही. तोवर दोघं एकमेकांशी जे बोलत ते तिच्यामार्फत. "अहो, त्याला बरं नाहीये," असं ती इकडे सांगायची आणि "बाबांना वाईट वाटलंय," असं तिकडे. मधला दुवाच गेला. पुढे सारंगने कंपनीला जवळ पडतं म्हणून न्यू टाउनला भाड्याने फ्लॅट घेतला आणि घरात बाप आणि पंखा एवढेच राहिले.

मग शब्द कामाला आले. एकदा सारंगने सहज मेसेजमध्ये एक इंग्रजी बोलीतला शब्द वापरला. त्याची गोरी गिऱ्हाइकं असलं काहीबाही बोलायची. दिगंबररावांनी लगेच विचारलं, अर्थ काय, कुठून आला. सारंगने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बापाने मागितलं, "आज काय नवीन?" झालं. रोज एक शब्द यायला लागला. दिगंबररावांनी पुठ्ठ्याची कार्डं आणली. एका कार्डावर एक शब्द, अर्थ, मराठी प्रतिशब्द, खाली वाक्यात उपयोग आणि उजव्या कोपऱ्यात तारीख. तारीख ही ऑफिसची सवय. वाक्यात उपयोग मात्र सारंगनेच द्यायचा, हा नियम. कार्डं अकारविल्हे डब्यांत लागायची. डब्यांना जागा पाहिजे म्हणून सारंगची खोली घेतली. पलंग अडचण करत होता, तो त्यांनी स्वयंपाकाच्या शोभाला देऊन टाकला. शोभा बंगाली, काकांना म्हणतात तसं मेशोमशाय म्हणायची. ती म्हणाली, "मेशोमशाय, दादा आला तर कुठे झोपेल?" ते म्हणाले, "तो कुठला येतोय झोपायला."

फेब्रुवारीच्या अखेरीपासून सारंगचे शब्द एकाच वळणावर यायला लागले. सगळे झोपण्याचे, आणि तेही धड अंथरुणावर नाही, कुठेतरी कसंतरी झोपण्याचे. क्रॅश. काउच सर्फिंग. किप. दिगंबरराव खूश झाले. त्यांना वाटलं, पोरगं विषयवार संग्रह करतंय, बापाचं रक्त आहे शेवटी. त्यांनी लिहिलं, "उत्तम. झोपेवर आणखी पाठव. यातून एक पुस्तिका होईल." क्रॅशच्या कार्डावर त्यांनी मराठी प्रतिशब्द लिहिला 'अंग टाकणे' आणि त्यावर दोन दिवस खूश होते. एकदा सारंगने लिहिलं होतं, "बाबा, जरा बोलायचं होतं." त्यावर यांचं उत्तर गेलं, "बोलू. आजचा शब्द राहिलाय."

मे महिन्यात एका दुपारी सारंग स्वतःच आला. दिगंबरराव कार्डं लावत बसले होते. तो खोलीच्या दारात उभा राहून डब्यांकडे बघत राहिला.

"बाबा, माझा पलंग?"

"शोभाला दिला. तिच्या मुलीला उपयोगी पडला."

"बरं केलंत." त्याने एक डबा बोटाने सरळ केला. "मग कधी इथे क्रॅश करायचं झालं तर?"

आता कोणीही बाप काय म्हणाला असता? सतरंजी आहे, म्हणाला असता. हे गृहस्थ उठले, 'क'चा डबा काढला आणि म्हणाले, "क्रॅश झालाय आपला. फेब्रुवारीतच. हे बघ." आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. सारंगने ते वाचलं. मग हसला, चहा घेतला आणि गेला. शोभा नंतर म्हणाली की दादाने मोठी बॅग दाराबाहेर ठेवली होती, जाताना उचलून नेली. दिगंबररावांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना वाटलं, लाँड्री असेल.

नोव्हेंबरात मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. तिथे ओंकार भेटला. सारंगच्याच कंपनीत होता, गुणी मुलगा, भेटला की वाकून नमस्कार करणारा. चकलीची बशी हातात धरून त्याने विचारलं, "काका, सारंग बरा आहे ना? माझ्याकडून गेला त्यानंतर फोनच उचलत नाही."

"तुझ्याकडून म्हणजे?"

"फेब्रुवारीत नाही का, फ्लॅट सोडला तेव्हा. माझ्या हॉलमध्ये होता पंधरा दिवस. मी राहा म्हणत होतो, पण बायकोचे आईवडील येणार होते." दिगंबररावांचा चेहरा बघून ओंकार थांबला. "काका, जानेवारीत आमच्यातल्या साठ जणांना कामावरून काढलं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

दिगंबरराव घरी कसे आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. आले ते थेट सारंगच्या खोलीत गेले आणि झोपेची कार्डं सगळ्या डब्यांतून वेचून काढली. काउच, किप, क्रॅश, डॉस, शेकडाउन, स्लीपिंग रफ, हॉट बंकिंग. अकारविल्हे लावल्यावर ते नुसते शब्द होते. आज पहिल्यांदाच त्यांनी ती कार्डं जमिनीवर मांडली, कोपऱ्यातल्या तारखा बघून, एकाखाली एक.

सत्तावीस फेब्रुवारी. क्रॅश करणे. वाक्यात उपयोग: आजपासून मी ओंकारच्या हॉलमध्ये क्रॅश करतोय.

अठरा मार्च. काउच सर्फिंग, म्हणजे आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपणे. वाक्यात उपयोग: काउच सर्फिंगमध्ये तिसरा सोफा चालू आहे, याच्या स्प्रिंगा वर आल्यात.

नऊ एप्रिल. किप, म्हणजे डुलकी. वाक्यात उपयोग: स्टेशनच्या बाकावर दोन तास किप मिळाला, मग हवालदाराने उठवलं.

त्यानंतर तो मे महिन्यातला दिवस. त्या दिवसाचं कार्ड नव्हतं.

दोन जून. डॉस डाउन, म्हणजे मिळेल तिथे पथारी टाकणे. वाक्यात उपयोग: खाटा भाड्याने देणाऱ्या एका मेसमध्ये दाराजवळ डॉस डाउन करायला जागा मिळाली, येणारा जाणारा दार ढकलतो ते डोक्याला लागतं. याच्याखाली दिगंबररावांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'वाक्य लांब झाले.'

तीस जुलै. हॉट बंकिंग, म्हणजे एकच खाट दोघांनी पाळीपाळीने वापरणे. वाक्यात उपयोग: रात्रपाळीवाला गेला की त्याच्या खाटेवर माझं हॉट बंकिंग, गादी त्याच्या अंगाने गरम असते.

चार सप्टेंबर. शेकडाउन, जमिनीवरचं तात्पुरतं अंथरूण. वाक्यात उपयोग: मालकाने खाट काढून घेतली, आता वर्तमानपत्रांचं शेकडाउन.

शेवटचं कार्ड दुर्गापूजेतल्या अष्टमीचं होतं. स्लीपिंग रफ. वाक्यात उपयोग: पूजेत मेस बंद आहे, मंडपामागच्या खुर्च्यांवर स्लीपिंग रफ चालू आहे, गर्दीत कोणी बघत नाही. अष्टमीला दिगंबररावांनी त्याच कलकत्त्यात भोगाची खिचडी खाल्ली होती, पोट भरून. घरी येऊन त्यांनी कार्ड केलं होतं. अर्थ: रस्त्यावर झोपणे. आणि कंसात, अधिक स्पष्ट व्हावं म्हणून, 'उदा. भिकारी'.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. पोरगं आठ महिने बापाला सांगत होतं, अगदी तारीखवार सांगत होतं. सरळ सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती आणि शब्दाशिवाय दुसरं काही पाठवलं तर बाप पुन्हा शब्दच मागत होता. दिगंबरराव त्या कार्डांमध्ये बसून रडले. शकुन गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

त्यांनी फोन लावला. सारंग म्हणाला, "बोला बाबा. आज माझ्याकडे शब्द नाहीये काही."

"शब्द नको. कुठे आहेस?"

पलीकडे ट्रकचा आवाज येत होता. "बजबजला," तो म्हणाला. ते कलकत्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. "तेलाच्या डेपोजवळ एक ट्रान्सपोर्टवाला आहे, त्याच्याकडे चलनं लिहितो. महिना झाला. बरं आहे, बाबा."

"झोपतोस कुठे?"

"ऑफिसातच. टेबल मोठं आहे."

"घरी ये, सारंग. माझं चुकलं. मी वाचलंच नाही तू काय लिहीत होतास."

"तुमचं काय चुकलं, मी नीट सांगायला पाहिजे होतं," सारंग म्हणाला. असं पोरगं. "बघतो. रविवारी सुट्टी आहे."

ते चार दिवस दिगंबररावांच्या अंगात वारं शिरलं होतं. डबे पोत्यांत घालून माळ्यावर गेले. शोभा म्हणाली, आमच्याकडचा पलंग परत आणते, तर म्हणाले, नको, तुझी पोरगी त्यावर झोपते, एकाला उठवून दुसऱ्याला नाही निजवायचं. नवा पलंग आला, नवी गादी आली. शकुनने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी त्यांनी पेटीतून काढून दोन दिवस गच्चीवर उन्हात घातली. चादर घालताना ती चारी बाजूंनी सारखी यावी म्हणून अर्धा तास पलंगाभोवती फिरत होते. शोभा दारात उभी राहून बघत होती.

रविवारी संध्याकाळी सारंग आला. वाळला होता, पण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पाहुण्याकडे जावं तसा. जेवताना त्याने दोनदा विचारून भात घेतला. दिगंबररावांनी खोली दाखवली. त्याने गोधडीवरून हात फिरवला. "आईची," म्हणाला. "छान केलंय बाबा. कशाला एवढं."

"आता इथेच राहा. बजबजला रोज इथून जा. लोकल आहे."

"बघू," सारंग म्हणाला. दिगंबररावांनी जास्त ताणलं नाही. पोरगं आपल्या छपराखाली झोपणार म्हणून त्यांना बऱ्याच दिवसांनी पडल्यापडल्या झोप लागली.

सकाळी साडेपाचला ते उठले आणि आधी खोलीत डोकावले. पलंग काल घातला तसाच होता. चादरीला सुरकुती नव्हती, गोधडीची घडीही मोडली नव्हती. सारंग हॉलमध्ये होता, दाराला लागून, जमिनीवर. खाली पेपर, डोक्याखाली बूट, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. बापाच्या पावलांनी त्याला जाग आली आणि तो झटकन उठून बसला, कोणीतरी हाकलायला आल्यासारखा. समोर बाप आहे हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तिथे का नाही झोपलास?"

"झोपलो होतो बाबा. लागेचना. गादी फार मऊ वाटते. आणि दार दिसत नाही तिथून." त्याने पेपरची घडी घातली. "सवय मोडलीये. येईल हळूहळू."

"येईल," दिगंबरराव म्हणाले. "पुढच्या रविवारी ये."

"बघतो." त्याने चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. बूट घातले, बॅग खांद्याला लावली. दारात वळून तो म्हणाला, "थँक्स, बाबा. सोय झाली."

आणि तो सात वाजायच्या आत गेला. दिगंबरराव दाराशी तसेच उभे राहिले. बदलीच्या नोकरीत त्यांच्याकडे किती माणसं मुक्कामाला आली, कोणी परीक्षेला, कोणी दवाखान्यासाठी. जाताना सगळी हेच म्हणायची, सोय झाली. पोटच्या पोराने कधी म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला ते म्हणावं लागत नाही, आणि हे काही कुठल्या कार्डावर लिहून ठेवायची गोष्ट नव्हती.

मग त्यांनी तोच पेपर उलगडला, त्याच जागी पसरला आणि गुडघे धरत धरत खाली आडवे झाले. फरशी थंड होती. कंबरेचं हाड लागत होतं. दाराच्या फटीतून जिन्यावरचा वारा थेट तोंडावर येत होता. एवढ्यावर पोरगं झोपलं होतं आणि आतली गादी त्याला टोचली होती. दिगंबरराव तसेच पडून राहिले.

आठ वाजता शोभाने तिच्या किल्लीने लॅच उघडलं आणि रोजच्यासारखं दार ढकललं. दार त्यांच्या डोक्याला लागलं. ती घाबरली, वाकली, विचारायला लागली, मेशोमशाय, पडलात का, इथे का झोपलात.

दिगंबररावांनी डोक्याला हात लावला. बरंच लागलं होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "हळू उघडत जा दार. इथे माणूस झोपतो."