फडताळातला अंक

आज ज्या दैनिकाची चार मजली इमारत आहे, ते जन्मलं लाँड्रीच्या मागच्या एका खोलीत. गवंडी, हमाल, गिरणीवाले, साबण कारखान्यातले, अशा कष्टकऱ्यांनी मिळून काढलेला तो पेपर. शहर रोज एका गल्लीने वाढायचं आणि पेपर रोज संध्याकाळी, पाळी सुटताना, लोकांच्या हातात पडायचा. मालक मंडळी त्याला चिटोरं म्हणायची. म्हणेनात का! एकही दिवस खाडा झाला नव्हता, आणि त्याचा सगळ्यात जास्त तोरा छपाईचं यंत्र चालवणाऱ्या मशीनमनला होता.

त्याची बायको साबण कारखान्यात वड्यांना वेष्टनं गुंडाळायची. छपाई बिघडलेले वेष्टनांचे मोठे ताव बायकांना घरी न्यायला मिळत. एका बाजूला साबणाची जाहिरात, दुसरी बाजू कोरी. तिने ते फडताळात अंथरले होते, पेटीत घातले होते, गादीखालीसुद्धा. "घर आहे की रद्दीचं दुकान?" तो रोज कुरकुरायचा.

मग कारखान्यातला बॉयलर फुटला. त्यांच्या शेजारचा बॉयलरवाला भाजून दवाखान्यात पडला, आणि मालकांनी जाहीर केलं की तो कामावर झोपला होता. खरं तर झडप बिघडल्याचं तो महिनाभर कानीकपाळी ओरडत होता. ते ऐकणारे कामगार आता नावानिशी सांगायला पुढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी होती. त्याआधी हे छापून आलं नाही, तर भाजलेल्या माणसाच्याच माथी कायमचा डाग बसणार होता.

नेमका त्या दुपारी कागदवाल्याने नकार दिला. साबणवाले त्याचं मोठं गिऱ्हाईक. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? संपादक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, डोकं धरून बसले. मजकूर तयार, मशीन तयार, कागद नाही. मशीनमन तोंड पाडून घरी आला. बायकोने सगळं ऐकून घेतलं, फडताळातला चहाचा डबा काढून खाली ठेवला. मग मिठाचा. मग सगळेच.

"अगं, काय चाललंय तुझं?"

"तुमच्या मशीनला एका बाजूनं कोरा चालेल ना?"

त्याने बसल्या जागीच एक ताव ओढून उलटा केला.

"बसलात काय? गाद्या उचला!"

घटकाभरात गल्लीतली सगळी फडताळं उघडी पडली. बॉयलरवाल्याच्या बायकोने पेटीतले कपडे जमिनीवर ओतले. कडेवर पोर आणि डोक्यावर ताव, अशा बायका लाँड्रीमागे येत राहिल्या. डब्यांची वर्तुळं, तेलाचे डाग, गाद्यांच्या सुरकुत्या! एरवी तावाचा कोपरा दुमडला तरी शिव्या घालणाऱ्या मशीनमनने त्या दिवशी ब्र काढला नाही. एकेक ताव तळव्याने सपाट करून तो आत सरकवत होता आणि रडत होता.

संध्याकाळी शहरभर साबणाचा वास सुटला. पुढे बॉयलरवाल्याची बाजू, मागे कारखान्याची जाहिरात: निर्मळतेची हमी. "मालकांना जाहिरातीचं बिल धाडावं का?" मास्तर म्हणाले, आणि खोलीत हशा पिकला. सकाळी चौकशीच्या टेबलावर तोच अंक होता. एकेक कामगार उठून बोलला, आणि बॉयलरवाल्यावरचा ठपका गेला.

बरा होऊन तो आला तो थेट मशीनमनकडे. हातांना अजून पट्ट्या होत्या.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी चहा घ्या, भावोजी."

तिने फडताळातला डबा उचलला. खाली तोच अंक अंथरला होता, त्याची बातमी वर येईल असा.

"गल्लीत घरोघर हाच आहे," मशीनमन म्हणाला. "तुमच्या बायकोनं स्वतः फिरून अंथरलाय. म्हणाली, उघडी केलेली फडताळं मीच झाकणार."

बॉयलरवाला उठून जवळ गेला. दोन ओळी वाचल्या आणि त्याला पुढचं दिसेना.

"डबा लगेच ठेवू नका, वहिनी," तो म्हणाला. "थोडं थांबा."

चहाचा डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली.