नुरीएलच्या मुलाचा ठसा

विदाद कय्याली हिने तो कागद शेवटचा पाहिला, त्याला एकोणतीस वर्षे झाली होती. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि सत्याला पुराव्याची गरज असते, एवढेच तिला ठाऊक होते. पुराव्याला घराचीही गरज असते, हे कळायला युद्ध यावे लागले.

संग्रहालयाचा जुना पहारेकरी अबू नज्म याच्या घराचा जिना चढताना तिच्या पिशवीत परदेशातल्या संपादकाचे पत्र होते. अरामी शिलालेखांचा महाकोश छापायला जाणार होता आणि त्यात तिच्या संग्रहालयातल्या एका शिलेची नोंद होती. ‘मूळ कागदी ठसा महिनाअखेरपर्यंत दाखवलात, तर राजाचे नाव बदलू. केवळ स्मरणाच्या आधारावर नोंद बदलण्याची आमची प्रथा नाही.’ प्रथा योग्यच होती. त्या शिलेच्या बाबतीत आजवर पाळली गेलेली ती पहिलीच योग्य प्रथा होती.

शिला हदद देवाला वाहिलेली. राजा म्हणतो: मी हाक मारली, त्याने ऐकली, म्हणून हा दगड उभा केला, जो माझे नाव पुसून दुसरे घालील, त्याच्या घरात विस्तव न राहो. राजाचे नाव बर-हदद. पण या नावाचे राजे अराम देशात इतके झाले, की बापाचे नाव वाचल्याशिवाय राजा ओळखू येत नाही. आणि नेमकी तीच ओळ झिजलेली होती. विदादचे गुरू, उस्ताद मारदिनी, यांनी तिथे ‘हझाएल’ वाचले. दमास्कसचा हझाएल, ज्याच्या नावाने शेजारची राज्ये चळाचळा कापत. विदादने ओला जाड कागद ब्रशने ठोकून दगडात बसवला, वाळवून उचलला, तिरप्या उजेडात धरला. कागदाच्या उठावात स्पष्ट ‘नुरीएल’ होते. ज्याचे नाव कोणी कधी ऐकले नव्हते, असा कोणी नुरीएल. आणि त्याचा मुलगा, वाडीएवढ्या राज्याचा राजा.

“अगं, या राजाला वर्तमानपत्रात कोण जागा देणार?” उस्ताद म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकार आला. फोटोत अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती खडूने भरण्याची त्या छोट्या संग्रहालयातली रीत होती. उस्तादांनी खडू तिच्याच हातात दिला आणि नाव सांगितले. तिने लिहिले.

तो फोटो जगभर गेला. त्यावरून अकरा निबंधांनी बाप हझाएलच असल्याचे सिद्ध केले. त्यांतल्या तीन निबंधांत त्या अक्षरांच्या वळणाची चिकित्सा होती, म्हणजे विदादच्या हस्ताक्षराची. पुढे दरसाल तपासणीच्या आधी पहारेकरी अबू नज्म त्याच रेघांवर नवा खडू फिरवी. तो टिकेना, म्हणून त्याने एकदा रेघा खिळ्याने खोलही करून घेतल्या. अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस. आणि उस्ताद हयात असेपर्यंत विदाद गप्प राहिली. तिची नोकरी त्यांच्या सहीवर चालत होती. मग युद्धात संग्रहालयाचे छत कोसळले आणि शिलेचा चुरा झाला.

राहिला होता तो ठसा, पत्र्याच्या नळ्यात गुंडाळून ठेवलेला. फोनवर अबू नज्म म्हणाला होता, “डॉक्टरबाई, निर्धास्त या. लुटालूट सुरू झाली, त्याच दिवशी मी तो नळा काखेत मारून घरी आणला.”

“या, या, घर उजळलं!” अबू नज्मच्या बायकोने, उम् नज्मने, दार उघडताच चहा आणि बडीशेपेची काक नावाची कडक बिस्किटे समोर ठेवली. “घ्या ना. काय वाळलाय हो तुम्ही! पुस्तकं खाता की काय?”

“अगं, तिला बसू तर दे.”

“तुम्ही बोलूच नका. डॉक्टरबाई, यांचा पराक्रम ऐका. त्या दिवशी अख्खी गल्ली काही ना काही घेऊन आली. कोणी फ्रीज आणला, कोणी गालिचा. आणि आमचे हे? पत्र्याचा नळा! त्यात काय, तर कागद!”

“सरकारी वस्तू होती ती,” अबू नज्म ताठ बसत म्हणाला. “चोरी नव्हे, राखण.” तो आत गेला आणि कपाटामागून नळा घेऊन आला. झाकण त्याने स्वतः उघडले, समारंभाने. नळा उपडा केला. विणकामाच्या सुया मेजावर पडल्या. पाच लांब, दोन आखूड.



“यातला कागद कुठाय?” अबू नज्मने विचारले.

“तो?” उम् नज्म हसली, मग नवऱ्याचा चेहरा पाहून थांबली. “वेढ्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात... रॉकेल नव्हतं. दारं जाळली, आमच्या नज्मचे बूट जाळले. सून बाळंत झालेली, पोर निळं पडत होतं. ओली फाटी पेटेना, म्हणून खाली तो घातला. जाड होता, चांगला धरला.” तिने विदादकडे पाहिले. “पण मी आधी पाहिलं हं! उलटून-सुलटून पाहिलं, दोन्ही बाजूंनी. एक अक्षर नव्हतं. नुसते उंचवटे, भिजून वाळल्यासारखे. लिहिलेलं असतं, तर मी हात लावला नसता. कोराच होता ना, डॉक्टरबाई?”

आतल्या खोलीतून एक मुलगी धावत आली, काक उचलून पळाली. पाच-सहा वर्षांची असेल.

विदादकडे उत्तर तयार होते. ठशावर शाई नसते. त्याचे सारे म्हणणे त्या उंचवट्यांतच असते. हे वाक्य तिने वीस वर्षे वर्गात उच्चारले होते. तिने चहाचा घोट घेतला.

“कोराच होता,” ती म्हणाली.

“बघा!” उम् नज्म नवऱ्यावर उखडली. “उगाच घाबरवलंत मला!”

अबू नज्मने सुया परत नळ्यात भरल्या. खालपर्यंत पोचवायला आला तेव्हा, शेवटच्या पायरीवर त्याने विचारले, “मग आता राजाचं कसं?”

“फोटो आहे.”

“फोटो चांगलाच आला होता,” तो म्हणाला, आणि लगेच मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी तिने संपादकाला कळवले: ठसा उपलब्ध नाही. उत्तर तासाभरात आले, अतिशय सभ्य. सहानुभूती होती, युद्धाबद्दल खेद होता. नोंद आहे तशीच राहील. दुसरे साधनच उरले नसल्यामुळे तो फोटो आता पूर्ण पानभर छापण्यात येईल. आणि शिलेच्या शेवटच्या जिवंत साक्षीदार या नात्याने, फोटोतील वाचन मूळ दगडाशी जुळते असे डॉक्टर कय्याली यांनी सहीनिशी कळवावे.

तिने फोटो उघडला. खडूतला ‘हझाएल’ सुरेख होता. चोविसाव्या वर्षी तिचे अक्षर फार वळणदार होते.