शब्द तिचे, अक्षर आईचं

अंजली सबनीस भांडायला निघाली होती, आणि भांडायला निघालेल्या बाईकडे सकाळी दहा वाजता दीडपट मीटर मागणाऱ्या रिक्षावाल्याला काय म्हणावं? महादेवपुऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत ती त्याच्याशी भांडली. अर्धं हिंदीत, अर्धं पुणेरी मराठीत आणि शेवटी 'बेडा, बेडा', म्हणजे नको, नको, या तिच्या एकुलत्या एका कानडी शब्दात. बंगळुरात येऊन दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याला, म्हणजे उपेंद्रला, व्हाइटफील्डच्या नव्या आयटी पार्कात नोकरी. कंपनीची बस सकाळी सातला त्याला उचलायची आणि दिवेलागणीनंतर आणून टाकायची. गॅस, दूध, शाळा, घरमालक, सगळं हिच्या डोक्यावर. आज तरी शाळेत येशील का, असं तिनं विचारलं होतं, तर म्हणे रिलीज आहे. कसलं रिलीज नि कसलं काय.

पर्समध्ये शाळेचं पत्र होतं. मुग्धा सबनीस, इयत्ता पाचवी, वर्गात लिहायला मुद्दाम नकार देते, मुख्याध्यापकांची सगळ्यांदेखत टिंगल करते, सबब पालकांनी येऊन दाखला घेऊन जावा. नोव्हेंबर चालू होता. 'वर्तणूक असमाधानकारक' असा शेरा मारलेला दाखला घेऊन वर्षाच्या मध्यात गेलं तर या गावातली एकही शाळा पोरीला उभी करणार नव्हती. हे अंजलीला पक्कं माहीत होतं, कारण आल्या वर्षी चांगला दाखला हातात असूनही ती चार शाळांच्या पायऱ्या झिजवून आली होती.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. मुग्धाला लिहिता येत नव्हतं. बोलायला लागली की मोठी माणसं गप्प बसायची. आकडेमोड तोंडातल्या तोंडात, आणि एकदा ऐकलेलं कायमचं डोक्यात. पण पेन्सिल हातात दिली की अक्षरं उलटी पडायची, ओळ उताराला लागायची, एका वाक्याला दहा मिनिटं आणि वर रडारड. पुण्यात दुसरीत असताना बाईंनी वहीवर लाल शेरा मारला, 'पुन्हा लिहून आणणे'. त्या दिवशी अंजलीनं पेन्सिल स्वतः उचलली, ती आजतागायत खाली ठेवली नव्हती.

दर रविवारी दुपारी, उपेंद्र आत झोपला की, मुग्धा जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत सांगायची आणि अंजली लिहायची. लहान मुलाचं वाटेल असं गोल अक्षर तिनं घोटून घोटून तयार केलं होतं. पानाला दोन चुका मुद्दाम घालायची, खोडरबरानं एखादा शब्द मळवून ठेवायची. विचार पोरीचे, उत्तरं पोरीची, आपला फक्त हात, मग यात खोटं काय आहे, असं ती स्वतःला ठणकावून सांगायची. मुग्धाला एवढंच सांगायची की घरातली गोष्ट घरातच ठेवायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, असं अंजलीचं मत. मग जूनमध्ये त्या शिवलीला टीचर आल्या आणि त्यांनी ते खेळाचं खूळ काढलं. शिवलीला निपाणीकडच्या. गणित शिकवायच्या. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास त्यांच्या वर्गात पुस्तक बंद. सात-सात खळगे दोन ओळींत कोरलेल्या लाकडी पाट्या त्यांनी घरून आणल्या होत्या. अळगुळी मणे म्हणायच्या त्याला. खळग्यांत चिंचोके भरायचे, एका खळग्यातले उचलायचे आणि पुढे एकेक टाकत जायचं. पण टीचरची पैज वेगळी होती. चिंचोक्यांना हात लावायचा नाही. नुसतं पाटीकडे बघून सांगायचं की या खळग्यातनं उचलले तर शेवटचा चिंचोका कुठे पडेल, आणि सातव्या खेळीला कोणाकडे किती असतील. वर्गाचे पाच गट. टीचर पन्नास आकडे मोजेपर्यंत वेळ.

मुग्धाचा गट पाच शुक्रवार ओळीनं जिंकला. घरी येऊन ती हातवारे करत सांगायची आणि अंजली विषय बदलायची. चारचौघांत चमकलेलं पोर लोकांच्या नजरेत भरतं, आणि नजरेत भरलं की आज ना उद्या कोणीतरी म्हणणार, लिही बघू.

तसंच झालं. मुख्याध्यापक भीमाचार्यांच्या कानावर या खेळाची कीर्ती गेली आणि गेल्या शुक्रवारी ते बघायला वर्गात येऊन बसले. मुग्धानं नऊ खेळ्या पुढचं सांगितलं. भीमाचार्य खूश झाले, खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाले, या नऊ खेळ्या फळ्यावर लिहून दाखव. तिनं लिहिलं. तीनचा आकडा पाठमोरा, शब्दांची अक्षरं मागेपुढे, ओळ फळ्याच्या तळाशी जाऊन पोचली. वर्ग फिदीफिदी हसला. भीमाचार्यांना वाटलं, पोरगी आपली थट्टा करते आहे. का वाटणार नाही? हिची गृहपाठाची वही त्यांनी पाहिली होती.

कचेरीबाहेरच्या व्हरांड्यात शिवलीला टीचर उभ्या होत्या. तिशीच्या आतली, साधी सुती साडी, हाताला खडू लागलेला.

"या अक्का," त्या म्हणाल्या.

"मी तुमची अक्का नाही," अंजली म्हणाली. "माझी मुलगी तुमच्या त्या चिंचोक्यांपायी रस्त्यावर येणार आहे. शाळेत अभ्यास शिकवतात, पैजा लावत नाहीत. कोणी सांगितलं होतं तिला सगळ्यांसमोर उभं करायला?"

"ऐका जरा. मी जुलैतच सरांना सांगितलो, या पोरीचं डोकं एक नंबर आहे, पण हाताचं आणि डोळ्याचं काहीतरी बिनसलंय. आळस नाही, माज नाही. तिला तोंडी परीक्षा द्या म्हटलो." बाई असून 'सांगितलो' आणि 'म्हटलो' म्हणते, अंजलीला मनात हिणवल्याशिवाय राहवलं नाही. "सरांनी काय केलं माहीत आहे? तिची गृहपाठाची वही माझ्यासमोर टाकली. म्हणाले, हे बघा अक्षर. घरी एवढं सुंदर लिहिते, मग इथे का नाही?"

अंजलीनं पर्सची चेन ओढून लावली.

"ती वही तिचीच आहे ना?" शिवलीलांनी आवाज खाली आणून विचारलं.

"म्हणजे काय? तुम्हाला म्हणायचंय तरी काय?"

"काही नाही. खेळात मी तिला कधी लिहायला लावत नाही. लिहायचं काम गटातली दुसरी मुलगी करते. का ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

हिला कळलंय. इतक्या वर्षांत नवऱ्याला कळलं नाही ते या चिंचोकेवालीला कळलं, आणि त्याचा अंजलीला जास्तच राग आला. तेवढ्यात शिपायानं आत बोलावलं.

भीमाचार्य विजापूरचे. कॉलेज सोलापुरात झालेलं, त्यामुळे मराठी बोलायचे, पण प्रेमानं बोलायचे असं काही नाही. टेबलावर तीन गोष्टी मांडून ठेवल्या होत्या. मुग्धाची वही, तिचा सहामाहीचा जवळजवळ कोरा पेपर आणि भरून तयार ठेवलेला दाखला. मुग्धा भिंतीला लागून उभी होती. आई आत आली तरी तिनं वर पाहिलं नाही.

"बसा बाई. तुमची मुलगी हुशार आहे, यात वाद नाही. म्हणूनच हा गुन्हा मोठा आहे. मंद मुलाला मी माफ करतो. ही मुद्दाम करते." त्यांनी वही उघडून पुढे सरकवली. "हे घरचं. आणि हा पेपर इथला. एकाच हाताचं आहे असं कोण म्हणेल? घरी आईच्या धाकात लिहिते, इथे आमची किंमत शून्य. सहा महिने समजावलं, शिक्षा केली. काही उपयोग झाला नाही. सही करा इथे."

"सर, तिची तोंडी परीक्षा घ्या, आत्ता माझ्यासमोर घ्या," दारातून शिवलीला म्हणाल्या.

"टीचर, तुमचा खेळ तुमच्या वर्गात. तुमच्या खेळामुळेच तर सिद्ध झालं की डोकं चालतं आणि नियत चालत नाही."

अंजलीनं पेन उचललं. भांडायला म्हणून जे जे काही घोकून आणलं होतं ते सगळं तिच्याजवळ होतं. तुम्ही बाहेरच्यांना असंच वागवता, फी वाढवताना बरी आठवण येते आमची, वगैरे वगैरे. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. समोर तिचंच अक्षर उघडं पडलं होतं. ज्या वहीनं पोरीला वाचवायचं, तीच वही पुरावा म्हणून मांडलेली होती. सही केली तर मुग्धा उद्धट ठरणार, आणि खरं सांगितलं तर आई लबाड.

"ही वही मी लिहिलीय," ती म्हणाली.

भीमाचार्य हसले. "आया पोरांसाठी काहीही सांगतात."

"कागद द्या."

त्यांनी दिला नाही. तिनं सहामाहीचा पेपरच ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वहीतलं पहिलं वाक्य लिहिलं. तेच गोल अक्षर, तेच टिंब, ओळीच्या शेवटी तीच किंचित वर जाणारी शेपटी. भीमाचार्यांनी कागद उचलला, वहीशेजारी धरला आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"किती वर्षं?"

"तीन. सांगायची ती, मी फक्त लिहायची. तिला येत नाही सर. ती नाटक करत नाही, तिला खरंच येत नाही. मी लपवलं. ज्याला त्याला कळलं असतं तर मतिमंद म्हणून शिक्का मारला असता, म्हणून लपवलं."

"आणि आम्ही इथे वेडे ठरलो." भीमाचार्यांचा आवाज चढला. "दर सोमवारी ही सुंदर वही यायची आणि दर सोमवारी मी हिला विचारायचो, असंच वर्गात लिहून दाखव. दाखवलं नाही की दोन तास माझ्या कचेरीबाहेर, वही डोक्यावर धरून उभी. जूनपासून." मग ते मुग्धाकडे वळले. "तू एका वाक्यात सांगू शकली असतीस की ही वही माझी नाही. का नाही सांगितलंस?"

मुग्धानं आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सांगितलं असतं तर तुम्ही आईला उभं केलं असतं."

शिवलीलांनी पदर तोंडाला लावला. भीमाचार्यांनी दाखला उचलला, फाडला नाही, नुसता खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"मार्चपर्यंत," ते रुक्षपणे म्हणाले. "टीचर, तोंडी परीक्षा तुमच्या जबाबदारीवर. जमलं नाही तर दाखला इथेच आहे. आणि बाई, उद्यापासून या वहीला तुमचा हात लागता कामा नये. कसंही येऊ दे, तिचंच येऊ दे."

अंजलीनं मान हलवली. माफी मागायला हवी होती, ती मागता आली नाही. मुग्धाचा हात धरून ती व्हरांड्यात आली. कोणावर तरी तुटून पडावं असं अजून आतून वाटत होतं. टीचरवर, सरांवर, नवऱ्यावर, या परक्या गावावर. पण बघावं तिकडे तिला दोन्ही हात वर करून उभी असलेली आपली पोरच दिसत होती.

दर सोमवारी ती पोर घरी आली होती, दूध प्यायली होती आणि आपण विचारलं होतं, काय गं, वही आवडली का सरांना? आवडली, असं ती म्हणायची.

"किती सोमवार झाले गं?" अंजलीनं विचारलं.

मुग्धाला मोजावं लागलं नाही.

"एकोणीस. दसऱ्याच्या सुट्टीतले धरले नाहीत." मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं घाईघाईनं सांगितलं, "पण मी उभ्या उभ्या शुक्रवारच्या खेळ्या मनातल्या मनात खेळून बघायचे. म्हणून तर जिंकायचे."

अंजली तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसली.