मंचरचा मिस्त्री

गोरखनं गाडी स्टँडला लावून वर बघितलं, तर त्याच्याच घराच्या गच्चीवर मंचरचा मिस्त्री पाण्याच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून बसलेला. खाली अंगणात आबा, म्हणजे गोरखचे वडील संपतराव, खुर्ची टाकून निवांत चहा पीत होते.

चाकणच्या कंपनीत चौदा वर्षं गोरखनं नळ, मोटारी, वायरिंग हेच तर केलं होतं. कंपनीनं घरी बसवल्यावर त्यानं गावातच घरदुरुस्तीचा धंदा काढायचं ठरवलं. हत्यारं घेतली, कार्डं छापली, आणि आज सकाळपासून अख्खं निरगुडसर पालथं घालून ती वाटली. आणि घरी बघावं तर हे.

"आबा, मी व्हतो की."

"तू कशाला?" संपतराव बशीकडं बघत म्हणाले. "असली कामं आपण करून घेतो. करत न्हाई."

"घरातच भाईरचा माणूस बोलावला, तर गाव मला कशाला बोलवंल?"

"नगंच बोलवू दे. बारा एकरांचं घर आपलं. लोकांच्या संडासात हात घालणार व्हय तू?"

गोरखच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वर मिस्त्री ऐकत होता, आणि बापाला परक्यापुढं उलटून बोलायची त्या घरात रीत नव्हती. गाडीला बांधलेली हत्यारांची पिशवी तो उगाच सोडत बसला.

तेवढ्यात शेजारची बायडाबाई आली. तिची मोरी आठवडाभर तुंबली होती. सकाळीच कार्ड घेताना तिनं गोरखला "संध्याकाळी ये" म्हणून सांगितलं होतं. धंद्यातलं पहिलं काम तेच. ती गच्चीकडं बघत राहिली, मग गोरखची नजर चुकवून म्हणाली,

"भावजी, ह्या मिस्त्रीचा नंबर मिळंल का? आमची मोरी बी त्यालाच दाखवावी म्हणते."

"गोरख, लिहून दे रे वहिनींना."

गोरखनं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीनं वरून एकेक आकडा सांगितला, गोरखनं खाली वहीत लिहून घेतला. बरोबर आहे का, ते एकदा वाचूनही दाखवलं. मग पान फाडून त्यानं बायडाबाईच्या हातात दिलं.

तिनं कागद लांब धरून बघितला.

"अक्षर लई देखणं हाय हो तुमच्या गोरखचं."

सकाळपासून पहिल्यांदाच संपतरावांचा चेहरा खुलला.

"मग," ते म्हणाले, "उगं न्हाई शिकवलं त्याला."