पावणेसहाचा फोन

दत्तप्रसाद चौबळांना कुणी काम सांगितलं नाही तर ते स्वतःहून शोधून काढत. अबू धाबीतल्या एका बांधकाम कंपनीत ते प्लॅनिंग बघत. कुठल्या मजल्याचा स्लॅब कोणत्या तारखेला पडणार याची वेळापत्रकं दिवसभर करायची आणि संध्याकाळी अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावरच्या घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडायचा, हा त्यांचा शिरस्ता. घरच्या किराण्याचीसुद्धा त्यांनी एक्सेल शीट केली होती. त्यांची बायको सुचित्रा ती शीट कधीच उघडत नसे आणि किराणा तरीही वेळेवर येई.

त्यामुळे मुलगी इरा कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात गेली आणि तिथल्या आठ कॉलेजांच्या मुलींच्या लीगला दर आठवड्याची क्रमवारी लावायला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा चौबळांनी कुणी विचारायच्या आत हात वर केला. काम तसं सोपं होतं. आठ संघांच्या आठ प्रशिक्षकांनी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत आपापली यादी चौबळांना पाठवायची, पहिल्या संघाला आठ गुण, शेवटच्याला एक; सहानंतर आलेली यादी धरायची नाही. चौबळांनी बेरीज करून क्रमवारी आणि पुढच्या आठवड्याचे सामने लीगच्या ग्रुपवर टाकायचे. कुणी कुणाला कितवं टाकलं हे गुपित असे, ते फक्त चौबळांना माहीत. प्रशिक्षक स्वतःच्या संघाला एखादी पायरी वर चढवत, पण त्याला कुणाची ना नव्हती. आपल्या पोरींना आपणच खाली कोण टाकणार?

सात याद्या वेळेत येत. आठवी नेहमी अडकायची ती विन्स्टन डाबरेची. विन्स्टन मूळचा वसईचा, तिथल्या चर्चच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळून मोठा झालेला. नोकरी हॉटेलात, बँक्वेटची. शहराबाहेरच्या मुसफ्फा भागातल्या कॉलेजच्या मुलींना तो हौसेने शिकवायचा, त्याची मुलगी मरिसाही त्याच संघात होती. शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हॉटेलात लग्नं आणि पार्ट्या, त्यामुळे बिचाऱ्याला घड्याळाकडे बघायला फुरसत नसे. मग चौबळच त्याला बरोबर पावणेसहाला फोन करत. फोन स्पीकरवर असायचा. पलीकडे भांड्यांचा खणखणाट आणि विन्स्टनचा आवाज, "दोन मिनटं दत्ताभाऊ, बुफे लावतोय, आत्ता टाकतो, यल्ला, चला चला." सोफ्यावर पाय घेऊन बसलेली इरा हसायची. इरा आणि मरिसा शाळेत आठवीपासून एका बाकावरच्या, त्यामुळे विन्स्टन अंकलच्या बुफेला चौबळांच्या घरात जवळजवळ घरच्याइतकाच मान होता. सबंध मोसमात एकही शुक्रवार हा फोन चुकला नव्हता.

चुकला तो नेमका शेवटचा.

त्या शुक्रवारच्या क्रमवारीवर सगळं ठरणार होतं. पहिले चार संघ उपांत्य फेरीत आणि बाकीच्यांनी घरी जायचं. पहिले तीन पक्के होते. चौथ्या जागेसाठी इराचा निळा संघ आणि विन्स्टनचा केशरी संघ यांच्यात चुरस होती. साडेपाचपर्यंत सात याद्या आल्या आणि चौबळांनी बेरीज केली. निळ्या मुली तेहतीस, केशरी बत्तीस. राहिली विन्स्टनची यादी. तो आपल्या मुलींना निळ्यांच्या निदान दोन पायऱ्या वर टाकणार आणि इराची जागा जाणार, हे कळायला एक्सेलची गरज नव्हती.

इरा समोर सोफ्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. गेली तीन वर्षं तिचा संघ कधी पाचवा, कधी सहावा आला होता, आणि पहाटे पाचच्या सरावाला तिला गाडीतून सोडणारे चौबळच होते. पावणेसहा झाले. चौबळांचा हात फोनकडे गेला, विन्स्टनचं नाव समोर आलं, आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. मग ते उठले आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालू लागले. त्या कढीपत्त्याला सकाळीच पाणी घालून झालं होतं. पाणी कुंडीतून वाहून बाल्कनीभर झालं तरी ते घालतच राहिले.

सहाच्या ठोक्याला त्यांनी क्रमवारी टाकली. सहा वाजून सात मिनिटांनी विन्स्टनचा मेसेज आला. चौबळांनी तो उघडला नाही. न उघडता, मी बघितलाच नाही असं म्हणता येतं, एवढी अक्कल त्यांना होती.

इराने उडी मारली ती बर्फाची पिशवी घेऊनच. सुचित्राने शिरा करायला घेतला. ग्रुपवर अंगठे आले, कुणीतरी चौबळांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. आणि साडेसहाला विन्स्टनने सगळ्यांसमोर लिहिलं की यादी त्याच्याकडूनच उशिरा गेली, चूक त्याची, दत्ताभाऊंनी नियम पाळला ते बरोबरच केलं आणि निळ्या मुलींचं अभिनंदन. चौबळांनी ते वाचलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विन्स्टन भांडला असता, चार शब्द बोलला असता, तर त्यांना नियमाचा कागद पुढे करता आला असता. माफी मागणाऱ्या माणसापुढे काय धरायचं? शिरा त्यांनी दोनदा वाढून घेतला, कारण नको म्हटलं तर सुचित्राने कारण विचारलं असतं.

शनिवारी दुपारी इरा सरावाहून आली ती थेट त्यांच्या टेबलापाशी. मरिसा भेटली होती. मरिसाने घरी पप्पांशी बोलणं टाकलं होतं. एक मेसेज वेळेत पाठवता येत नाही, पोरींच्या वर्षभराच्या मेहनतीपेक्षा ह्यांना बुफे मोठा, असं ती रडत म्हणत होती. इराने हे सगळं इंग्रजीत सांगितलं आणि मग वडिलांकडे नीट बघितलं.

"बाबा, यू डिडन्ट कॉल हिम."

चौबळ म्हणाले की नियम सहाचा आहे, फोन करायचा असं कुठेही लिहिलेलं नाही.

"बट यू ऑलवेज कॉल हिम," इरा म्हणाली. "आय वॉज सिटिंग राइट हिअर. यू वॉटर्ड द प्लांट."

चौबळांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी मोठी बाल्कनीभर झालेली लबाडी लेकीने सोफ्यावर बसून बघितली होती आणि आपण मात्र कुणी पाहिलं नाही अशा थाटात शिरा खाल्ला होता. इरा आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

रविवारी सकाळी त्यांनी अखेर विन्स्टनचा मेसेज उघडला. आता निदान किती गुणांनी चोरी केली ते तरी कळू दे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. यादीत पहिले तीन नेहमीचेच होते. चौथ्या जागी निळा संघ होता. पाचव्या जागी केशरी.

त्यांनी तीनदा वाचलं. मग सवयीने बेरीज केली. निळे अडतीस, केशरी छत्तीस. फोन केला असता तर इराचा संघ चौथाच आला असता, तोही दोन गुणांनी, ताठ मानेने. चौबळांनी जे चोरलं होतं ते त्यांच्या लेकीचंच होतं. कष्टाने कमावलेली तिची जागा त्यांनी उचलून चोरीच्या मालात ठेवली होती.

त्यांना आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. ते गाडी काढून मुसफ्फाला गेले. विन्स्टन चर्चमधून नुकताच घरी आला होता, रविवारचा इस्त्रीचा शर्ट अंगावर तसाच. मरिसा आतल्या खोलीत होती. विन्स्टनने त्यांना चहा घ्या म्हणून आग्रह केला, ते नको म्हणाले, तेव्हा दोघे खाली पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले. चौबळ काही बोलायच्या आत विन्स्टनच पुन्हा माफी मागू लागला.

"मी फोन हातात धरूनच उभा होतो दत्ताभाऊ, किचनच्या दारात. यादी लिहून तयार होती. पण सवय लागली ना, तुमचा फोन आला की पाठवायची. सहा वाजून गेले तेव्हा म्हटलं, तुम्ही बिझी असणार, कशाला त्रास द्या, आपणच पाठवू."

"बिझी नव्हतो," चौबळ म्हणाले. "मुद्दाम केला नाही. मला वाटलं, तुम्ही तुमच्या मुलींना वर टाकाल आणि इरा बाहेर जाईल."

बोलून झाल्यावर ते शेजारच्या गाडीच्या टायरकडे बघत राहिले. मग विन्स्टनने विचारलं, यादी वाचली का. चौबळांनी मान डोलावली.

"दोनदा हरलो आम्ही तुमच्या मुलींशी," विन्स्टन म्हणाला. "खोटं कसं लिहू? लिहायला बसलो होतो, वर टाकून पण बघितलं. हात नाही धजला."

चौबळ म्हणाले की आत्ताच्या आत्ता ग्रुपवर सगळं लिहितो, फोन मी मुद्दाम टाळला, चूक माझी, विन्स्टनची नाही. विन्स्टनने त्यांचा हात धरला. तसं लिहिलं तर लोक म्हणणार, मग आता आठवी यादी धरा आणि पुन्हा मोजा. पुन्हा मोजून निळ्याच मुली पुढे राहिल्या की शाळकरी पोरालाही कळेल, विन्स्टनने आपल्या संघाला कितवं टाकलं होतं ते.

"मरिसाला वाटतं मी त्यांना तिसरं टाकलं असणार," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो पोरींना, तुमच्यासाठी मी भांडेन. उशिरा येणारा बाप तिच्या सवयीचा आहे दत्ताभाऊ, चार दिवसांनी बोलेल. खाली टाकणारा बाप तिला नाही चालणार. तुम्ही कुणाला सांगू नका, इराला पण नाही. एवढं करा माझ्यासाठी."

चौबळांनी शब्द दिला. न देऊन करतात काय? इराच्या पोटातली गोष्ट मरिसाला कळायला एक दिवसही लागत नसे. परतीच्या रस्त्यावर त्यांच्या नीट लक्षात आलं की विन्स्टनची चूक नसताना तो पोरींचा राग अंगावर घेऊन बसला आहे, आणि आपली चूक असताना आपल्याला ती कबूल करायचीही सोय उरलेली नाही. घरी आल्यावर त्यांनी लीगच्या समितीला दोन ओळी लिहिल्या. पुढच्या मोसमापासून क्रमवारीचं काम दुसऱ्या कुणाला द्या, मला ऑफिसमुळे जमणार नाही. हेही खोटंच होतं. इराला त्यांनी एवढंच सांगितलं की फोन मुद्दाम केला नाही, ते चुकलं आणि विन्स्टन अंकलची माफी मागून आलो. "ओके," इरा म्हणाली. तिला जे विचारायचं होतं ते तिने तेव्हा विचारलं नाही.

बुधवारी दुपारी चारला उपांत्य सामना झाला, पहिल्या क्रमांकाच्या संघाशी. केशरी संघाच्या मुली निळ्यांना पाठिंबा द्यायला आल्या होत्या. विन्स्टन हॉटेलातून तासाभराची सुट्टी काढून पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन आला होता. पाचवा सेट होईपर्यंत सुचित्राचा घसा बसला. इरा तशी कधी खेळली नव्हती. प्रत्येक बॉलमागे ती अशी झेपावत होती की जणू जी भरपाई करायची आहे ती सगळी आजच करून टाकायची. बघताना चौबळांना टाळ्या वाजवता येईनात. ही पोर कुणाच्या उपकाराची परतफेड करते आहे, हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि तो उपकार मुळात कुणी केलेलाच नव्हता.

निळ्या मुली जिंकल्या. मैदानात एकच गलका झाला. इरा त्या गलक्यातून बाहेर पडून सरळ वडिलांपाशी आली. मरिसा तिच्याबरोबर होती आणि दोन पावलं मागे रिकामं खोकं घेऊन विन्स्टन. इरा हसत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "तू फोन केला असतास तर आम्ही चौथ्या आलो असतो का?"

हो, हा शब्द चौबळांच्या अगदी जिभेवर आला. त्या एका शब्दाने लेकीची मान वर झाली असती. मरिसाही उत्तरासाठी त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या मागे विन्स्टनने नजर खाली वळवली होती आणि तो खोक्याची पट्टी उगाच उलगडत होता.

"मला कसं माहीत असणार?" चौबळ म्हणाले. "मी फोनच केला नाही ना."

"म्हणजे नाही," इरा म्हणाली.

तिने गुडघ्याचे पॅड काढले, मरिसाच्या खांद्यावर हात ठेवून सॉरी म्हणाली आणि दोघी बसच्या दिशेने निघून गेल्या. चौबळ तिथेच मान खाली घालून उभे राहिले. लेकीला हाक मारून तिची चूक सुधारायचा हक्क त्यांनी शुक्रवारी कढीपत्त्याला पाणी घालतानाच घालवला होता.