चाळीस दाखवणारा काटा

मी एका जुन्या मोटारसायकलचा स्पीडोमीटर आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेलो आहे. म्हातारी यंत्रं स्वतःची गोष्ट सांगायला बसली, की गंज, धूळ आणि अडगळीचं रडगाणं गातात. माझी तक्रार ती नाही. माझी काच पिवळी पडली आहे, आकडे पुसट झाले आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. पण मला खोटं बोलायला लावलं गेलं, आणि मग खोटारडा म्हणून माझ्याच काचेवर बुक्की मारली गेली. तो राग अजून माझ्या पोटात धुमसतो आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे लांब टेबलाशी बसून बायका आमचे काटे बसवत. केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची, श्वास रोखायचा आणि ती अलगद जागेवर ठेवायची. शिंक आली, तर मान वळवून, खुर्ची मागे सरकवून शिंकायचं. इतक्या जपणुकीने मी घडलो. मला वेग किंचित जास्तच दाखवायला शिकवलं होतं. काट्याची चूक झालीच, तर ती माणसाला सावध करणारी असावी, बेसावध करणारी नव्हे, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. त्या विचाराची माती कशी झाली, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या पाठीतून एक केबल निघते आणि पुढच्या चाकापर्यंत जाते. चाक फिरलं, की तिथला छोटा गिअर फिरतो, त्याच्याबरोबर केबल फिरते आणि माझा काटा वर चढतो. वेग मला स्वतःला कळत नाही. चाक मला जे सांगेल, तेच मी माणसाला सांगतो. माझ्या शेजारी आणखी एक गोल तबकडी आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते ती दाखवते. त्या शेजाऱ्याला बातमी मिळते थेट इंजिनाकडून. आमच्या बातम्या वेगवेगळ्या दारांनी यायच्या, पण गाडी वरच्या गिअरमध्ये असली, की आमचा मेळ ठरलेला असे. शेजारी चार हजारांवर, तर मी साठावर. पाऊस असो, चढ असो, यात कधी फरक पडला नाही.

आमची पहिली मालकीण गुरांची डॉक्टर होती. घरात सगळे तिला ताई म्हणत. गाय अडली, घोड्याचा पाय मुरगळला, की ताई औषधांची पेटी मागे बांधून निघायची. तिला इंजिनाचा आवाज ऐकूनच वेग कळायचा, तरी ती माझ्याकडे बघायचीच. पुसताना आधी माझी काच पुसायची, मग दिवा. एकदा तिच्या वडिलांनी विचारलं, की एवढं काय त्या मीटरचं कौतुक? ती म्हणाली, कान दमतात, काटा दमत नाही. हे वाक्य मी फार मिरवलं, मित्रांनो. शेजारी तर वैतागून गेला होता.

पुढे ताईने औषधांसाठी चारचाकी घेतली आणि मोटारसायकल धाकट्या भावाकडे गेली. धाकटा मनाने वाईट नव्हता. हसरा होता, कुणाच्याही मदतीला धावायचा. पण गाडी कशी चालते यापेक्षा ती कशी दिसते, याची त्याला भारी हौस. रस्त्यावर एक डोंगराळ भागात चालवायची उंच गाडी दिसली, आणि आपलीही तशीच हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. गॅरेजमध्ये नेऊन त्याने पुढचं चाक काढायला लावलं आणि तिथे दुसऱ्या गाडीचं मोठं चाक बसवून घेतलं, त्याच्या गिअरसकट.

चाक जेवढं मोठं, तेवढे त्याचे फेरे कमी. त्यात तो गिअरही माझ्या ओळखीचा नव्हता. केबलमधून येणारी बातमीच अर्धवट येऊ लागली. मिस्त्रीने हात पुसत सांगितलं, "मीटर आता बराच कमी दाखवेल. याला जुळणारा मीटर घाल, नाहीतर हा गिअर तरी बदलू."

धाकटा हसला. म्हणाला, "राहू दे की. बायको मागे बसली, की खांद्यावरून सारखी मीटरच बघते. आता तिची कटकट तरी थांबेल."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मिस्त्रीही हसला. फक्त मी हसलो नाही.

त्याची बायको, घरातली सूनबाई, खरोखरच वेगाला भ्यायची. लहानपणी तिने एक अपघात जवळून पाहिला होता. पूर्वी काटा पन्नासच्या पुढे गेला, की ती नवऱ्याच्या खांद्यावर दोन बोटं आपटायची आणि तो हळू घ्यायचा. चाक बदलल्यापासून तिला बोटं आपटावी लागेनात. ती त्याला म्हणायची, की हल्ली तुम्ही किती जपून चालवता! तो म्हणायचा, तुझ्यासाठीच. शेजारी चार हजारांवर थरथरत होता आणि मी साळसूदपणे पंचेचाळीस दाखवत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ओरडायला मला तोंड नाही. मला काटा आहे, आणि तो तर त्याने बांधून टाकला होता.

एका सकाळी दोघं दुकानांच्या गल्लीतून चालले होते. तिथे चाळीसच्या वर जायला बंदी आहे. माझा काटा चाळीसवर होता. खरी गाडी पन्नास ओलांडून गेली होती. समोर एक म्हातारा शिंपी रस्ता पार करायला उभा होता. त्याने गाडी लांब पाहिली, अंतराचा अंदाज घेतला आणि पाऊल टाकलं. चाळीसच्या हिशेबाने तो अंदाज अगदी बरोबर होता. धाकट्याने ब्रेक दाबला, ते उंच चाक घसरलं आणि शिंपी रस्त्यावर पडला. त्याचा उजवा पाय मोडला. शिवणयंत्राच्या पायट्यावर आयुष्यभर चाललेला पाय.

दवाखान्यात पोलीस आले. शिंपी कण्हत एवढंच म्हणाला, की गाडी जोरात होती. सूनबाई रडत होती, तरी तिने ठामपणे सांगितलं, की काटा चाळीसवर होता, मी स्वतः पाहिला. मग ती शिंप्याजवळ गेली आणि हळुवारपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितलं नाहीत हो."

तिच्या शब्दाला वजन होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, शिंप्याच्या स्वतःच्या मुलीनेसुद्धा तेच धरून ठेवलं. वय झालं, नजर गेली. मुलीने त्याचा चष्मा बदलून आणला. आणि मी? मी त्या सगळ्यात साक्षीदार ठरलो होतो. माझं नाव घेऊन एका माणसाला खोटं पाडलं गेलं होतं. धाकट्याने त्या दिवशीही मिस्त्रीचा शब्द आठवून बघितला नाही. म्हणजे, आठवला नाही असं तो म्हणतो.

बऱ्याच दिवसांनी ताईची चारचाकी बंद पडली आणि लांबच्या गोठ्यावरून निरोप आला. तिने कोपऱ्यात उभी असलेली आमची गाडी काढली. मोकळ्या रस्त्यावर वरचा गिअर टाकला. शेजारी चार हजारांवर गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंचेचाळीस! तिने पुन्हा शेजाऱ्याकडे पाहिलं, कान देऊन इंजिन ऐकलं, वेग सावकाश कमी केला आणि गाडी रस्त्याकडेला उभी केली. उतरून पुढच्या चाकाकडे ती किती तरी वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला दोष देणार. तिने दिला नाही. गोठ्यावरचं काम उरकून ती थेट गॅरेजमध्ये गेली आणि मिस्त्रीकडून सगळं ऐकून घेतलं.

घरी आल्यावर गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी होती, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट ऐकू आलं. ताईने आवाज न चढवता सगळं मांडलं. धाकटा आधी म्हणाला, की मला काय माहीत. मग बाहेर आला आणि "हा मीटरच खोटारडा निघाला," म्हणत त्याने माझ्या काचेवर बुक्की मारली. काचेला तडा गेला.

सूनबाई त्याच्या मागोमाग दारात आली होती.

"त्याला कशाला मारता?" ती म्हणाली. "मिस्त्रीने तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

तो काचेचा तडा बोटाने चाचपू लागला.

"सांगितलं होतं. आणि तुम्ही हसलात. माझ्यावर हसलात." ती पायरी उतरून त्याच्यासमोर आली. "त्या म्हाताऱ्याला मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं. माझ्या तोंडाने."

धाकटा पुटपुटला, की आता जाऊ दे, मिटलेलं कशाला उकरायचं, म्हातारबाबांनीसुद्धा स्वतःची चूक मान्य केली आहे. सूनबाईने चपला घातल्या. ताईने गाडी सुरू केली, सूनबाई मागे बसली.

शिंप्याचं दुकान म्हणजे एका खिडकीची अरुंद खोली. दारातूनच मला सगळं दिसत होतं. भिंतीवर अर्धवट शिवलेले कोट, टेबलावर खडू आणि कात्री, यंत्रापाशी शिंप्याची मुलगी. शिंपी मोडलेला पाय स्टुलावर ठेवून बाह्यांना गुंड्या लावत होता. सूनबाई खाली जमिनीवरच बसली. चाक, गिअर, नवऱ्याचं हसणं, काहीही न गाळता तिने सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमची नजर बरोबर होती, बाबा. चूक आमची होती."

शिंप्याने सुई कापडात खोचली.

"पाय दुखतो त्याचं सोड, पोरी," तो म्हणाला. "मी तेव्हापासून एकटा रस्ता ओलांडलेला नाही. मुलीचा हात धरून जातो, लहान मुलासारखा. सुईत दोरा ओवतानासुद्धा वाटतं, मला दिसतंय ते खरंच तिथे आहे ना?"

यंत्राचा आवाज थांबला. मुलगी उठून वडिलांपाशी आली. तिनेही त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने धाकट्याला पोलिसांकडे नेलं, स्वतःचा जबाब बदलला आणि त्यालाही खरं सांगायला लावलं. मग तो शिंप्याच्या दुकानात गेला. मान खाली घालून बोलला. शिंप्याने ऐकून घेतलं, पण माफ केलं असं तो म्हणाला नाही. धाकटा अजून तिथे जातो, जड गठ्ठे उचलतो, शिवलेले कपडे पोचवतो. सूनबाईच्या सांगण्यावरून माझं जुनं चाक मला परत मिळालं आहे. सगळे म्हणतात, की आता राग सोड. मी सोडणार नाही. पाय बरा होत आला आहे, पण तो म्हातारा गेले कित्येक दिवस स्वतःच्या डोळ्यांना खोटं समजत जगला, त्याची भरपाई गठ्ठे उचलून होत नाही.

म्हणून, मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, हौसेने बदलालही. खुशाल बदला. पण चाक बदललंत, तर माझ्यासारख्याचीही सोय बघा. इंजिन काय म्हणतं आणि काटा काय म्हणतो, ते अधूनमधून ताडून पाहा. आणि काटा चुकतो आहे हे कळूनही तो सोयीचा म्हणून तसाच ठेवावासा वाटला, तर एवढंच करा: गाडीवरून उतरा आणि पायी जा. तेवढ्या वेगाने कुणाचा पाय मोडत नाही.